‘बघू का?’ विचारणारी छाया

कुणी नवी जीन्स घालून समोर आलं की माझी नजर आधी चेनीवर जाते. माणसांनी काय समजायचं ते समजावं. पंधरा वर्षं मी जीन्सला चेन लावली, दुसरं काही केलं नाही. खिसा नाही, नेफा नाही, पाय नाही. फक्त चेन. एकदा भाचीच्या लग्नात नवरदेवाच्या भावाकडे अशी टक लावून बघत होते, तर आमच्या ह्यांनी कोपरानं ढोसलं. "अगं, लोक बघतायत." म्हटलं, "बघू दे. त्याची चेन वाकडी आहे."

परवा उल्हासनगरच्या बाजारात एका गाड्यावर जीन्सचा ढीग होता. मला काही घ्यायचं नव्हतं, पण हात राहील तर ना! एक उचलली, उलटी केली आणि खिशाच्या कोपऱ्यात बघितलं. तिथे आतल्या बाजूनं दोन जादा टाके होते, आडवे. हे टाके कुणी घालत नाही. धागा जातो, वेळ जातो आणि गिऱ्हाइकाला दिसतही नाहीत. असले फुकटचे टाके घालणारी एकच बाई मला माहीत आहे, छाया. ती आता इथे नाही. मुलीच्या बाळंतपणाला म्हणून लातूरला गेली ती तिकडेच रमली, आणि तिथेही म्हणे चार मशिनी टाकल्यात. पण तिचा बदलापूरजवळच्या खरवईचा कारखाना चालू आहे आणि तिच्या बायका अजून ते टाके घालतायत.

गाडीवाला म्हणाला, "लेना है क्या, मौसी?" मी जीन्स ढिगात फेकली आणि चालू लागले. पोटात दुखलं माझ्या, खोटं कशाला बोलू? बाई एवढ्या लांब जाऊन बसली तरी माझ्या पोटात दुखायचं थांबत नाही.

आमचा कारखाना उल्हासनगरात पाच नंबरच्या कॅम्पला होता. पहिल्या मजल्यावर एक लांबडा हॉल, वीस-बावीस मशिनी, वर पत्रा. एक जीन्स एका माणसानं शिवायची नसते, हे बाहेरच्यांना माहीत नसतं. अन्वर मास्टर कापड कापणार. मग एक जण खिसे लावणार, एक चेन, एक पाय जोडणार, एक नेफा म्हणजे कमरेची पट्टी, एक त्यावरचे लूप. शेवटी बायका सतरंजीवर बसून धागे तोडणार. ज्याचं जे काम ते त्यानं करायचं, बाजूच्याच्या कामात नाक खुपसायचं नाही. त्यात हात असा बसतो की डोकं लागतच नाही, आणि नगावर पैसे असल्यामुळे जेवढा हात पळेल तेवढी कमाई. माझा हात सगळ्यांत जास्त पळायचा. सेठ नव्या व्यापाऱ्याला हॉल दाखवायला आणायचा तेव्हा माझ्या मशीनपाशी हमखास थांबायचा. "साईं, ये मंदा बाई. चेन में ऐसा हाथ पूरे उल्हासनगर में नहीं मिलेगा." मी वर बघायची नाही. पण मशीन जरा जास्त जोरात पळवायची.

माझी चेन सरळ बसायची, हे त्यातलं खरं. बाकीच्यांच्या चेनीला कुठेतरी बारीक लाट यायची. कापड मशीनखाली गेलं की थोडं ताणलं जातं, चेन ताणली जात नाही. शिवून बाहेर काढलं की कापड परत आखडतं आणि चेन मधेच फुगते. यावर माझा एक उपाय होता. तो मला कुणी शिकवला नव्हता, माझा मलाच सापडला होता, आणि मी तो कुणाला सांगितला नव्हता. ह्यांना नाही, बहिणीला नाही. का सांगू? माझ्याकडे दुसरं होतं काय?

अशात छाया आली. आमच्याच बुवापाड्यातली, विहाराच्या मागच्या गल्लीत नवीन राहायला आलेली. उंच, हाडकुळी, लांब मानेची. पदर कमरेला घट्ट खोचलेला आणि प्यायच्या पाण्याला कोल्ड्रिंकची जुनी बाटली. तिला खिशांवर बसवली. हात ठीकच होता, मला काळजी करण्यासारखं काही नव्हतं.

पण दुपारच्या सुट्टीत बाईचं वेगळंच चालायचं. आम्ही डबे उघडून सासवांपासून सुरुवात करायचो. ही दोन भाकऱ्या उभ्यानं संपवायची, हात धुवायची आणि जो कुणी सुट्टीतही काम ओढत असेल त्याच्या मशीनपाशी जाऊन विचारायची, "बघू का?"

हो म्हटलं की मान तिरकी करून उभी. बोलणं नाही, हलणं नाही. पाण्यात बगळा उभा असतो ना, तशी. मीच तिचं नाव पाडलं, बगळी. आठवडाभरात हॉलभर झालं. तिच्या कानावर गेलं तर हसली. म्हणाली, "बरंय की. बगळ्याला मासा तरी मिळतो."

चार दिवस बघून झालं की विचारायची, "एक लावू का?" मग नेफेवाल्याच्या मशीनवर बसून एखादा नेफा लावायची. चुकला तर उसवून परत लावायची. स्वतःचे खिसे तेवढे कमी व्हायचे, शनिवारी हातात पैसे कमी पडायचे. अन्वर मास्टर तिला म्हणाला, "क्यों टाइम खोटी करती है? तेरे को इसका पैसा थोडी मिलेगा." त्यावर छायाचं ठरलेलं उत्तर होतं, "येत असावं, मास्टर. करावं लागो न लागो."

हे ‘येत असावं’ तिच्या तोंडात बसलेलं होतं. समोरच्या रिक्षावाल्याला विचारून मैदानात रिक्षा चालवायला शिकली. का? येत असावं. मिक्सर बिघडला तर दुरुस्तीवाल्याच्या टपरीवर दोन तास उभी राहिली, दुसऱ्यांदा बिघडला तेव्हा घरीच खोलून बसली. खालच्या मजल्यावर एक म्हातारी सिंधी बाई पापड लाटायची, तिच्याजवळ बसून बसून सिंधी शिकली. एके दिवशी सेठ जिना चढून आला तर ही म्हणते, "साईं, छा हाल आहे?" सेठ असा खूश झाला, जसं काही त्याची सख्खी बहीणच भेटली. मला एवढ्या वर्षांत सिंधीतल्या फक्त शिव्या येत होत्या. त्याही सेठच्याच तोंडून ऐकलेल्या.

माझ्या मशीनपाशी ती पहिल्या महिन्यातच आली होती. दिवाळीचा माल होता, मी डबा बाजूला ठेवून ओढत होते. "मंदाताई, बघू का?"

मी म्हटलं, "नाही."

तिला वाटलं असेल मी मस्करी करते. थोडी थांबली. मी मान वर केली नाही. मग म्हणाली, "बरं," आणि गेली. परत कधी विचारलं नाही. रागावली पण नाही. दुसऱ्या दिवशी मला लोणच्याची फोड दिली, ती मी खाल्लीही. पण त्या दिवसापासून मी स्टूल जरा फिरवून घेतलं. पाठ हॉलकडे, तोंड भिंतीकडे. उजेड कमी यायचा, डोळे दुखायचे, पण चालेल. असली माणसं विचारत नसली तरी बघत असतात, माझी खात्री होती. चेन ती पुढे दुसऱ्या एकाकडून शिकली, सगळे लावतात तशी. मी मुद्दाम तिनं लावलेला एक नग उलटा करून बघितला. खाली बारीक लाट होती. त्या दिवशी मला भाकरी गोड लागली.

अशी नऊ वर्षं गेली. आणि मग ते आलं.

लॉकडाऊनचे पहिले पंधरा दिवस आम्ही सुट्टी समजलो. पुढच्या पंधरा दिवसांत घरातलं तेल तळाला गेलं. ह्यांची अंबरनाथच्या कंपनीतली ठेक्यावरची नोकरी होती. ठेकेदारानं फोन उचलायचं बंद केलं, ते कायमचंच. कारखान्यातले यूपी-बंगालचे कारागीर हॉलमध्येच झोपायचे. ते एका सकाळी बोचकी डोक्यावर घेऊन हायवेला लागले. अन्वर मास्टरनं आधी गल्लीत हातगाडीवर कांदे विकले. बावीस वर्षं कापड कापलेला माणूस, कांदा पण कापडासारखा हातात फिरवून बघायचा. मग तोही गावाला गेला. आमच्या चाळीत कुणाचं काम राहिलं होतं असं एक घर दाखवा! शिक्षिका पोळ्या लाटत होती, कॅटरिंगवाला मासे विकत होता. टीव्हीवर कुणी कोट घालून सांगायचा की देशाचं चाक थांबलंय. मी स्नेहलला, म्हणजे माझ्या मुलीला म्हटलं, "त्याला सांग, बुवापाड्यात चाकच चोरीला गेलंय."

पावसाळा सरता सरता सेठचा फोन आला. जीव नाचला माझा. पदर सावरत गेले, तर हॉलमध्ये बावीसपैकी सहा मशिनी उरलेल्या, बाकी विकलेल्या. सतरंजीवर कुणीतरी धागे तोडत बसलेलं. नीट बघितलं तर सेठच. दाढी पांढरी झालेली. म्हणाला, "मंदा बाई, अब हजार का ऑर्डर कोई नहीं देता. दुकानवाला बोलता है तीस पीस दो, बिकेगा तो और लूँगा. तीस पीस के लिए दस आदमी की लाइन मैं कैसे चलाऊँ? मेरे को ऐसा आदमी चाहिए जो पूरा पीस बनाए. आता है?"

मी म्हटलं, "आता है क्या म्हणजे? पंधरा साल हो गया."

त्यानं कापलेले तुकडे पुढे ठेवले. बाजूच्या मशीनवर छाया बसलेली होती, तिच्यापुढेही तेवढेच तुकडे. मी चेन लावली, सुंदर, एका दमात. मग बाकीचे तुकडे हातात घेतले आणि घाम फुटला. माझ्याकडे माल यायचा तो मधल्या टप्प्यावर, पुढचे दोन पल्ले तेवढे. त्याच्या आधी काय होतं, नंतर काय होतं, मी डोळ्यांनी रोज बघत होते आणि कधी बघितलंच नव्हतं. पुढचा पाय मागच्याला जोडला तर लांबी जुळेना. ओढूनताणून जुळवली. नेफा लावला. उचलून धरली तर एक पाय पुढे बघतोय, दुसरा दाराकडे. लाखांनी जीन्स माझ्या हाताखालून गेलेल्या, आणि एक अख्खी जीन्स मला शिवता येत नव्हती!

सेठनं ती उलटीसुलटी करून बघितली. मग त्याला हसू आवरेना. बिचारा कित्येक महिन्यांनी हसला असेल. "मंदा बाई, ये तो लंगडे का पैंट है!" तिथे असलेले सगळे हसले. फक्त छाया हसली नाही. तिची जीन्स शिवून, घडी घालून बाजूला ठेवलेली होती. तिनं माझी ती जीन्स हातात घेतली आणि सेठला म्हणाली, "चेन बघा सेठ. असली कुणाला येत नाही."

ती हसली असती तर मी तिला माफ केलं असतं.

काम तिला मिळालं. मी पायी बुवापाड्यात आले. भर उन्हात, रिक्षा असून.

दोन दिवसांनी ती घरी आली. उंबऱ्याबाहेरच उभी, तोंडाला खिशाच्या अस्तराचा मास्क. "जयभीम मंदाताई. तुमच्याकडे घरची पायमशीन आहे ना? सेठचं काम उरकलं की संध्याकाळी मी येते. पंधरा दिवसांत पूर्ण पीस येईल तुम्हाला. तोवर मास्क शिवू, बदलापूरच्या सोसायट्या घेतायत."

आत पीठ संपलेलं होतं. हे भिंतीला टेकून बसलेले, स्नेहल फोनवर कॉलेजचं काहीतरी बघायचा प्रयत्न करत होती आणि फोनवर नुसतं चक्र गरगर फिरत होतं. मी म्हटलं, "मला काम लागलंय. बदलापूरला. ऑफिसात."

"बरं," ती म्हणाली. तेच ते ‘बरं’. जाताना मास्कच्या कापडाचा गठ्ठा ओट्यावर ठेवून गेली. मी तो दुसऱ्या दिवशी तसाच परत पाठवला, न सोडता.

काम मी नंतर शोधलं. बदलापूरला एका सोसायटीत जिने पुसायचं. चौथ्या मजल्यावरच्या बाईनं मला मास्क दिला, माणुसकीनं. उलटा करून बघितला तर कोपऱ्यात दोन आडवे टाके. तोंडाला लावला, काय करणार? दिवसभर तिच्याच टाक्यांतून श्वास घेत जिने पुसले.

मग तिचं वाढतच गेलं. आधी घरात दोन मशिनी, सेठच्याच विकायला काढलेल्या. मग खरवईला नव्या बिल्डिंगीखाली गाळा. सेठनं शेवटी हॉल सोडला आणि उरलेला मालही तिच्याकडून शिवून घ्यायला लागला. गल्लीतल्या आठ बायका तिच्याकडे. आणि तिथे तिचा एक नियम होता, तो ऐकून मला वेड लागायची पाळी आली. दर सोमवारी सगळ्यांनी जागा बदलायच्या. या आठवड्यात खिसे तर पुढच्या आठवड्यात नेफा. बायका कुरकुर करायच्या, हात बसत नाही, कमाई बुडते. छाया म्हणायची, "बुडू दे थोडी. येत असावं."

हे सगळं मला कुठून कळायचं? माझ्याच घरातून! स्नेहलनं कॉलेज अर्धवट सोडलं आणि मला सांगितलं, मॉलमध्ये लागलेय. तीन महिन्यांनी तिच्या ओढणीला निळे धागे दिसले. जीन्सचा धागा मी ओळखणार नाही? उभी केली तिला. म्हणाली, "हो, छायामावशीकडे जाते. अख्खा पीस येतो मला आता. मम्मी, तू पण चल ना यार, इतना क्या भाव खाना?"

माझी मुलगी. माझ्या पोटची. मी जे पंधरा वर्षांत शिकले नाही ते ती तीन महिन्यांत शिकली, आणि शिकवलं कुणी? बगळीनं! वर रोज रात्री जेवताना मावशी असं म्हणते, मावशी तसं करते. मी म्हटलं, "तिच्याचकडे राहायला जा." तर म्हणते, "तिनंच सांगितलं होतं, मम्मीला खरं सांग." म्हणजे चांगलेपणातही नंबर तिचाच.

माझ्याकडे एकच गोष्ट उरली होती. आणि बघा, तिचाच भाव वाढला. घरी बसून सगळ्या देशाची पोटं सुटली होती. जुन्या जीन्स चढेनात, साध्या कापडाला गिऱ्हाईक नाही, सगळ्यांना ताणणारं कापड हवं. ताणणाऱ्या कापडाला चेन लावणं म्हणजे हात असेल त्याचंच काम. साध्या कापडाला बारीक लाट येते, याला समुद्र येतो.

एके दिवशी स्नेहल तोंड पाडून आली. छायाला पहिल्यांदाच मोठी ऑर्डर लागली होती, सगळी ताणणाऱ्या कापडाची. पहिला लॉट व्यापाऱ्यानं परत टाकला. चेनी फुगलेल्या. शुक्रवारपर्यंत सुधारून द्या, नाहीतर ऑर्डर रद्द. कापड छायानं स्वतःच्या पैशानं उचललं होतं. ऑर्डर गेली तर गाळाही जाणार, आठ बायकांचं काम जाणार, त्यात स्नेहलचंही.

"मम्मी, तू कशी लावायचीस?"

मी म्हटलं, "हातानं."

"सांग ना. मी मावशीला बोलले, मम्मीला विचारू का? तर ती म्हणाली, नको, विचारून झालंय."

माज बघा! मरायला टेकली तरी मला विचारणार नाही. मी स्नेहलला सांगितलं नाही. तिला सांगितलं की ते तिकडे पोचणार. आणि खरं सांगते, त्या रात्री मला बरं वाटलं. कित्येक महिन्यांनी पोटभर बरं वाटलं. छाया अडली! ‘येत असावं’वालीला एक गोष्ट येत नव्हती, आणि ती मला येत होती. मी कुशीवर वळले. बाजूला स्नेहल जागीच होती, छताकडे बघत. तिचं ते तोंड बघून मग मात्र माझं बरं वाटणं आंबायला लागलं.

गुरुवारी दुपारी जिने पुसून झाल्यावर मी खरवईला गेले. मदतीला नाही. बघायला. बगळीची फजिती एकदा डोळ्यांनी बघावी म्हणून. गाळ्याचं शटर अर्धं वर होतं. आत फुगलेल्या जीन्सचा ढीग, बायका मशिनींवर वाकलेल्या. स्नेहल खाली मान घालून चेनी उसवत होती. आणि छाया मशीनवर. चेन लावली, बाहेर काढली, बोट फिरवलं, उसवली. परत लावली, परत उसवली. मी तिथे उभी होते तेवढ्यात तीनदा. केस पांढरे झालेले, डोळे लाल. इतकी वर्षं मी हेच मागत होते आणि आता ते समोर होतं, तर मजा येईना.

तिनं वर बघितलं. "मंदाताई?" एवढंच. काय झालंय, कशाला आलात, काही नाही. उठली, पदरानं स्टूल पुसलं आणि माझ्याकडे सरकवलं. "बसा."

आता स्टूल म्हटल्यावर माणूस बसणारच. आणि समोर चेन असल्यावर हात कसा गप्प राहील? मी पल्ले घेतले, चेन ठेवली. सवयीनं स्टूल फिरवलं, पाठ तिच्याकडे केली, डावा हात खाली सरकवला. आणि ती कुठून डोकावतेय ते बघावं म्हणून मान मागे वळवली.

छाया डोकावत नव्हती. ती शटरच्या तोंडाशी जाऊन उभी होती, आमच्याकडे पाठ करून. बाहेर बघत होती. बाहेर काय होतं? एक पाण्याचा टँकर आणि एक कुत्रं. शुक्रवार उद्यावर आलेला, अख्खा गाळा माझ्या हातावर टांगलेला, आणि जिनं साऱ्या उल्हासनगरचे हात बघून घेतले ती बाई माझ्या हाताकडे बघत नव्हती. मी लपवतेय म्हणून.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. भिंतीकडे तोंड करून बसले, डोळे फोडून घेतले, ते सगळं फुकट. हिला काय कठीण होतं? पाण्याची बाटली भरायच्या निमित्तानं माझ्या बाजूनं एक चक्कर मारली असती तरी सगळं दिसलं असतं. तिनं मारली नाही. मी एकदा नाही म्हटलं होतं, आणि तिनं ते नऊ वर्षं पाळलं. कारखाना गेला तरी पाळलं. आता गाळा जायची वेळ आली तरी पाळत होती.

अंगाची लाही झाली माझ्या. म्हणजे इथेही हिचंच वर? मी लपवून ठेवलं असं मी म्हणत होते, ते पण हिनंच ठेवू दिलं होतं?

"ए बगळे!" मी असं ओरडले की सगळ्या मशिनी थांबल्या. "तिकडे काय कुत्रं बघतेस? इकडे बघ. ही करंगळी बघ. चेनीची पट्टी खालून हिनं ताठ धरायची आणि कापड सैल सोडायचं. परत दाखवणार नाही, सांगून ठेवते."

छाया वळली. लगेच आली नाही. तिथूनच विचारलं, "बघू का?"

"हो," मी म्हटलं. "बघ."

मग ती आली, माझ्या डाव्या हाताला उभी राहिली, मान तिरकी केली आणि बघायला लागली.